पहिली ट्रायथलॉन करताय? नाशिकच्या नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न

मी पंचवटीतल्या एका बँकेत काम करते. वयाच्या ३९व्या वर्षी पोहायला शिकले, ४१व्या वर्षी पहिली ट्रायथलॉन (आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, सगळं एकापाठोपाठ) केली, ती स्प्रिंट म्हणजे छोट्या अंतराची, आणि नंतर एक हाफ आयर्नमॅन. म्हणजे मी कोच नाही. पण रविवारी सकाळी आमच्याबरोबर सायकलवर येणारे नवे लोक तेच तेच प्रश्न विचारतात, आणि चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या दिलेली उत्तरं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. म्हणून ती इथे लिहून ठेवते आहे.

मला पोहताच येत नाही. मग ट्रायथलॉनचं नाव काढावं का?

काढा. सायकल नंतर घ्या, बूट नंतर घ्या, आधी पाण्यात उतरा. धावणं आणि सायकल प्रत्येकाने लहानपणी कधी ना कधी केलेली असते, शरीराला ती आठवते. मोठेपणी पोहणं मात्र कोऱ्या पाटीवर लिहावं लागतं, म्हणून त्याला सगळ्यात जास्त महिने द्यायचे.

मला मोठ्यांच्या बॅचची वेळ जमत नव्हती, म्हणून मी मुलांच्या बॅचमध्ये गेले. पहिल्या दिवशी कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होते. शेजारी आठेक वर्षांची एक मुलगी होती, गॉगल कपाळावर चढवलेला, पुढचे दोन दात पडलेले. ती म्हणाली, "काकू, तुम्ही श्वास धरून ठेवताय. पाण्यात फुगे सोडा ना." नंतर कोचने महिनाभर मला जे शिकवलं, त्याचा गाभा हाच होता.

नवशिक्याला धाप लागते ती ताकद कमी पडते म्हणून नाही. तो तोंड पाण्यात असताना श्वास कोंडून धरतो, मान वर काढली की सोडणं आणि घेणं दोन्ही एका क्षणात करायला जातो, आणि दोन्ही अर्धवट होतात. तोंड पाण्यात आहे तोवर नाकातोंडातून सावकाश हवा सोडत राहायची. मान वळवली की फक्त घ्यायची. पहिले आठ-दहा दिवस कठड्याला धरून एवढंच केलं तरी चालेल. लाज वाटली तर वाटू द्या, तिथे तुमच्याकडे कुणी बघत नसतं.

दुसरी गोष्ट डोक्याची. समोर बघत पोहलात की कंबर आणि पाय खाली जातात आणि तुम्ही पाण्यातून चढ चढायला लागता. नजर तळाच्या काळ्या पट्टीवर ठेवा. पाय आपोआप वर येतात.

२५ मीटर न थांबता झाले की पुढचा टप्पा १००, मग ४००. यातला पहिला टप्पा सगळ्यात लांब वाटतो. २५चे १०० व्हायला मला अडीच महिने लागले आणि १००चे ४०० जेमतेम तीन आठवड्यांत झाले. ज्या दिवशी श्वास बसतो त्या दिवशी अंतर हा प्रश्न उरत नाही.

आणि हो, बेडूक स्टाइल चालते. रेसमध्ये कुठल्याही पद्धतीने पोहायला परवानगी असते. दमलात तर बोया (पाण्यावर तरंगणारा खुणेचा फुगा) किंवा मदतीची कयाक, म्हणजे छोटी होडी, धरून थांबताही येतं, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही.

कुठली रेस निवडू? अंतरं किती असतात?

स्प्रिंट : ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं. ऑलिम्पिक : १.५, ४० आणि १० किमी. हाफ आयर्नमॅन : १.९, ९० आणि २१.१. फुल : ३.८, १८० आणि ४२.२.

फुलचे आकडे असे विचित्र का, हे नेहमी विचारलं जातं. १९७८ साली हवाईच्या ओआहू बेटावर तिथल्या तीन प्रसिद्ध स्पर्धा (समुद्रातली लांब पोहण्याची, बेटाला सायकलने फेरी मारण्याची आणि होनोलुलू मॅरेथॉन) एकाला एक जोडून पहिली आयर्नमॅन झाली. १५ जणांनी सुरुवात केली, १२ जणांनी पूर्ण केली. ऑलिम्पिकमध्ये ट्रायथलॉन आली ती २००० साली, सिडनीत.

आपल्याकडे मात्र उलटी गंगा वाहते. लोकांना ट्रायथलॉन शब्दाच्या आधी आयर्नमॅन शब्द माहीत असतो. २०१८ मध्ये नाशिकचे तेव्हाचे पोलीस आयुक्त रवींद्र सिंगल यांनी फ्रान्समध्ये फुल आयर्नमॅन पूर्ण केली, तेव्हापासून तर गल्लीगल्लीत हा शब्द पोचला. २०१९पासून गोव्यात मिरामारला हाफ होऊ लागली, मग काय, ज्याला त्याला थेट गोवा करायचं असतं. माझं स्पष्ट मत आहे की पहिली रेस स्प्रिंटच करावी. तिथे चुका स्वस्तात होतात. ७५० मीटरमध्ये गॉगल निसटला तर दोन-तीन मिनिटं जातात, ९० किमीच्या सायकलीत खाण्याचं गणित चुकलं तर अख्खा दिवस जातो.

चाळिशी ओलांडली आहे. डॉक्टरांना विचारावं लागेल का?

हो. बीपी, शुगर, ईसीजी, आणि डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर ते आपणहून सांगा. छातीत दडपण, चक्कर, विनाकारण धडधड यांपैकी काही झालं तर त्या दिवशी व्यायाम बंद. "गॅस असेल" हे निदान आपण करायचं नाही.

नोकरी, घर, मुलांची शाळा. वेळ कुठून आणायचा?

स्प्रिंटसाठी आठवड्याला पाच-सहा तास पुरतात. माझा आठवडा असा होता : मंगळवार-गुरुवार सकाळी पोहणं, बुधवार-शनिवार पाऊण तास धावणं, रविवारी लांब सायकल आणि उतरल्या उतरल्या दहा मिनिटं धावणं. सोमवारी पूर्ण सुट्टी. शुक्रवारी घरीच वीस मिनिटं स्क्वॉट, प्लँक, पोटऱ्यांचे व्यायाम. मार्चअखेर बँकेत काय असतं ते बँकवाल्यांना सांगायला नको, तेव्हा यातलं निम्मंच व्हायचं. त्याने काही बिघडलं नाही. बुडालेला व्यायाम दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढायला जाल तेव्हा बिघडतं.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांमध्ये शिफ्ट करणाऱ्यांसाठी एकच सूचना. रात्रपाळी संपवून थेट हायवेवर सायकल काढू नका. आधी झोप. डोळ्यावर झापड असताना ट्रकच्या शेजारून जाणं हा व्यायाम नव्हे.

बराचसा सराव इतका सावकाश हवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. बोलताना वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. नवीन माणसाला हे पटत नाही, कारण घाम गाळल्याशिवाय काही केल्यासारखं वाटत नाही. म्हणून तो रोज मध्यम-जोरात पळतो आणि दीड महिन्यात नडगी धरून बसतो.

सायकल कोणती घेऊ?

घरात आहे ती. गिअरची हायब्रीड असेल तर स्प्रिंट आरामात होते. एमटीबी (डोंगरवाटांसाठीची जाड टायरची सायकल) असेल तर तिचे खडबडीत टायर काढून गुळगुळीत टायर टाका, एवढ्यानेच मोठा फरक पडतो. ब्रेक नीट लागतात, चाक डगमगत नाही, हँडलच्या टोकांना बुचं आहेत, एवढं बघा. ती बुचं क्षुल्लक वाटतात, पण उघडी नळी पडताना पोटात घुसते, म्हणून रेसच्या तपासणीत ती बघतात.

सहा महिन्यांनीही हौस टिकली तर रोड बाइक घ्या, आणि घेताना रंगापेक्षा फ्रेमचा साइज बघा. सीटची उंची ठरवायची घरगुती रीत अशी : भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. सीट खाली असेल तर गुडघ्याची पुढची बाजू दुखते, फार वर असेल तर मागची. दुखण्याची जागाच सांगते काय चुकलं ते.

जड गिअर टाकून मांड्यांनी रेटत चालवण्याची आपल्याला सवय असते. मिनिटाला ८० ते ९० फेऱ्या होतील असा हलका गिअर ठेवा. पुढे धावायचं आहे, मांड्या तिथे लागणार आहेत.

पंक्चर काढायला नव्हे, ट्यूब बदलायला शिका. घरात पंख्याखाली बसून मागचं चाक पाच वेळा काढा आणि बसवा. नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर नवी ट्यूबही दोन किलोमीटरवर बसते. बोट जपून फिरवा, बाभळीचा काटा कुणाची ओळख ठेवत नाही.

क्लीटचे, म्हणजे पॅडलमध्ये अडकून बसणारे बूट पहिल्या रेसला नकोत. मी घेतले होते. त्रिंबक रोडला सिग्नल लागला, मी थांबले, पाय सुटेना, आणि उभ्या सायकलसकट आंब्याच्या पेटीसारखी आडवी झाले. शेजारचे रिक्षावाले दादा काळजीने म्हणाले, "ताई, नवीन शिकताय का?" दोन हजार किलोमीटर झाले होते माझे तोवर.

नाशिकजवळ सराव कुठे करायचा?

धावण्यासाठी गोल्फ क्लब मैदान आणि कृषिनगरचा ट्रॅक आहेतच. पण सगळं धावणं ट्रॅकवर करू नका, रेस डांबरावर असते. चढ हवा असेल तर पांडवलेणीच्या पायऱ्या आहेत. चढताना दम काढा, उतरताना मात्र चालत या, गुडघे उतरताना जातात.

सायकलसाठी पहिला रस्ता गंगापूर रोड, सोमेश्वर, पुढे गिरणारेकडे. छोटे छोटे चढउतार, गिअर बदलायचा हात बसतो. द्राक्षांच्या हंगामात तिकडे ट्रॅक्टर आणि पिकअप भरपूर असतात, वळणावर डावी बाजू सोडू नका.

त्र्यंबकेश्वर जाऊन-येऊन साधारण ६० किमी. हा रस्ता नवशिक्याला फसवतो. जाताना थोडा थोडा चढ आहे आणि पावसाळ्यात पश्चिमेचं वारं तोंडावर असतं. माणूस म्हणतो, आपला दम कमी आहे. येताना उतार आणि पाठीवर वारा, तोच माणूस ३५च्या वेगाने सातपूरला पोचतो आणि म्हणतो, आपण तयार झालो. दोन्ही खोटं. एकूण वेळ बघा. श्रावणी सोमवारी हा रस्ता विसरा, तो त्या दिवशी ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्यांचा असतो. सिंहस्थाच्या कामांमुळे कुठे कधी खोदलेलं असेल याचाही नेम नाही, अंधारात निघणार असाल तर आदल्या दिवशी गाडीवरून एक चक्कर टाका.

पेठ रोडचा सावळघाट तीन-चार महिन्यांनी. कसाऱ्याचा घाट नवशिक्यांनी करू नये असं मला वाटतं. ट्रकची वर्दळ आहे, आणि आपण नाशिककर आधी उतरतो आणि दमल्यावर चढतो.

पुढे-मागे दिवा, भडक रंगाचे कपडे, हेल्मेट. याशिवाय आमच्या ग्रुपमध्ये कुणाला घेत नाही.

सराव करून कंटाळा आला तर आपल्या जिल्ह्यातली माणसं आठवा. सावरपाड्याची कविता राऊत डोंगरवाटांवर धावत मोठी झाली, २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने ब्राँझ मिळवलं. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किमीची रेस अक्रॉस अमेरिका दोघांत मिळून पूर्ण केली, दवाखाना सांभाळून. त्यापुढे आपलं "वेळच मिळत नाही" जरा लंगडं वाटतं.

कुत्री मागे लागली तर?

वेग वाढवू नका. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा, दरडावून ओरडा. बहुतेकांचा उत्साह तिथेच संपतो.

जलतरण तलावात पोहता येतं, पण उघड्या पाण्याची भीती वाटते.

वाटायलाच हवी. तळ दिसत नाही, कठडा नाही, काळी पट्टी नाही. पण म्हणून गंगापूर धरणावर जाऊन उडी मारू नका. ते शहराच्या पिण्याचं पाणी आहे, तिथे मनाला येईल तिथून उतरायचं नसतं, शिवाय धरणाच्या काठाला गाळ आणि अचानक खोली असते. उघड्या पाण्याचा सराव परवानगी, अनुभवी माणसं, सोबतीला होडी आणि कमरेला भडक रंगाचा तरंगता बोया, हे सगळं असेल तरच. एकट्याने कधीच नाही, पट्टीच्या पोहणाऱ्यानेही नाही.

तोवर तलावातच तयारी करता येते. दर सहा-आठ हातांनी फक्त डोळे पाण्याबाहेर काढून समोर बघा, मगर बघते तसं. मधेच डोळे मिटून दहा हात मारा आणि उघडून बघा कुठे गेलात. बहुतेक जण एका बाजूला वळतात. आपण कुठे वळतो ते रेसच्या आधी कळलेलं बरं. दोन-तीन मित्रांना एकाच लेनमध्ये अंगाला अंग लावून पोहायला सांगा, कारण रेसच्या सुरुवातीला लाथा बसतात.

गोव्याला जाणार असाल तर एक-दोन दिवस आधी जा आणि आयोजकांच्या सरावाच्या वेळेत समुद्रात उतरा. खाऱ्या पाण्यात शरीर जास्त तरंगतं, ही आनंदाची बातमी. लाटेचं पाणी तोंडात जातं, ही दुसरी. वेटसूटचा खर्च करू नका, आपल्याकडचं पाणी त्यासाठी फार कोमट असतं.

रेसमध्ये आणि सरावात काय खायचं? जेल (पाकिटातलं गोड, घट्ट द्रावण) घ्यावंच लागतं का?

नाही. तास-सव्वा तासापर्यंत पाणी पुरतं. त्यापुढे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात, मग ती जेलमधून येवोत की केळ्यातून. मी बेदाण्यांवर आहे. ४० ग्रॅम बेदाण्यांत साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं येतात, खिशात मावतात आणि आपल्याकडे घरचेच मिळतात. खजूर बी काढून. राजगिऱ्याचा लाडू चवीला उत्तम, पण चालत्या सायकलवर त्याचा चुरा होतो आणि निम्मा जर्सीत जातो. गुळाची चिक्की उन्हात कागदाला चिकटते. हे शोध मी स्वतः लावलेले आहेत.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घामाप्रमाणे कमी-जास्त. लांब रेसमध्ये नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं, आणि ते डिहायड्रेशनइतकंच धोक्याचं आहे. म्हणून एका बाटलीत ओआरएस.

रेसच्या सकाळी अडीच-तीन तास आधी तुमच्या पोटाला ठाऊक असलेलं काहीतरी : गूळ-पोळी, मऊ भात, केळं. आदल्या रात्री मिसळ नको. नाशिककर असून हे लिहिताना हात थरथरतो, पण तर्रीचा हिशोब दुसऱ्या दिवशी पंधराव्या किलोमीटरला द्यावा लागतो. रेस संपल्यावर दोन खा.

सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात. काही चुकतंय का?

सगळ्यांचे होतात. पाय तासभर गोल फिरत असतात, त्यांना अचानक वेगळं काम सांगितलं जातं. म्हणूनच रविवारच्या सायकलीनंतर ती दहा मिनिटं. पहिला किलोमीटर छोटी पावलं टाकत, मुद्दाम हळू. सायकलची शेवटची पाच मिनिटं गिअर हलका करून पाय मोकळे केले तर बराच फरक पडतो. चार-पाच रविवार गेले की लाकूड जातं. पूर्ण जात नाही.

ट्रान्झिशनमध्ये काय करायचं असतं?

पोहून आल्यावर सायकल, सायकल ठेवून धावणं, या मधल्या जागेचं नाव ट्रान्झिशन. घड्याळ इथेही चालू असतं. जमिनीवर एक छोटा टॉवेल पसरा. त्यावर लागतील त्या क्रमाने वस्तू : हेल्मेट हँडलवर उलटं, आत उन्हाचा गॉगल, बूट तोंड उघडून, नंबरचा पट्टा. मोज्यांत आधीच थोडी टाल्कम पावडर टाका, ओला पाय सरकत आत जातो. आपली सायकल कितव्या रांगेत आहे ते खूण बघून ठेवा, पाण्यातून धडधडत आलेल्या माणसाला सगळ्या सायकली सारख्याच दिसतात. घराच्या पार्किंगमध्ये दोन-तीनदा रंगीत तालीम करा. सोसायटीतले लोक विचारतील, विचारू द्या.

कोणत्या नियमांनी माणूस बाद होतो?

हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि सायकल स्टँडवर टांगल्याशिवाय पट्टा काढायचा नाही. हात आपोआप आधी सायकलकडेच जातो, म्हणून तालमीतही हाच क्रम. ठरलेल्या रेषेच्या पुढे गेल्यावरच सायकलवर बसायचं. आयर्नमॅनसारख्या रेसमध्ये पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, कुणाच्या आडोशाने वारा चुकवत जायचं नाही. इयरफोन नको. जेलचं रिकामं पाकीट रस्त्यावर टाकलं तरी दंड होतो. आदल्या दिवशीच्या ब्रीफिंगला झोप काढू नका, त्या रेसचे खास नियम तिथेच सांगतात.

बायकांसाठी काही वेगळं?

थोडं. सीट पुरुषांच्या मापाची असेल तर बदला, दुखणं सहन करत राहू नका. स्पोर्ट्स ब्रा रेसला नवी घालू नका, शिवण जिथे घासते तिथे आधी पेट्रोलियम जेली. सॅनिटरी पॅड पाण्यात निरुपयोगी, टँपन किंवा कप वापरणार असाल तर दोन-तीन महिने आधी सवय करा. पाळीत व्यायाम करावा का? जमेल तेवढा. तलावात उतरण्याआधी केस साध्या पाण्याने ओले करून थोडं तेल लावा, मग टोपी, क्लोरीन कमी शोषलं जातं. पहाटे एकटीने निघण्यापेक्षा दोघी-तिघींनी निघा आणि घरी लाइव्ह लोकेशन द्या. सासूबाईंनी "हे काय वय आहे का" म्हटलं तर उत्तर माझ्याकडे नाही, माझ्या आता सोसायटीत सगळ्यांना मेडल दाखवतात.

कटऑफमध्ये (ठरवून दिलेल्या वेळेत) बसेन का, हे कसं ओळखायचं?

हाफमध्ये साधारणपणे पोहण्यासाठी १ तास १० मिनिटं, सायकल संपेपर्यंत साडेपाच तास आणि एकूण साडेआठ तास मिळतात. पोहण्याचा हिशोब १०० मीटरला जेमतेम ३ मिनिटं ४० सेकंद पडतो. तलावात तुम्ही साडेतीन मिनिटांनी पोहत असाल तर समाधान मानू नका, समुद्रात भिंतीला लाथ मारून मिळणारा धक्का नसतो आणि थोडं वाकडं पोहणं होतंच. तीनच्या आसपास असाल तर निश्चिंत नाव द्या.

पाण्यात उतरल्यावर घाबरगुंडी उडाली तर?

उताणे व्हा आणि आकाश बघत वीस श्वास घ्या. नाहीच ओसरलं तर हात वर करा, होडी येते. सुरुवातीला गर्दीच्या मागे आणि कडेला उभं राहिलं तर निम्म्या लाथा चुकतात. माझ्या पहिल्या रेसला शंभरेक मीटरवर छाती अशी आवळली की परत फिरावंसं वाटलं. तेव्हा त्या दात पडलेल्या मुलीचे फुगे आठवले. मी फक्त फुगे मोजले. साठाच्या पुढे कुठेतरी मोजायचं राहून गेलं.

घरच्यांना रेसला न्यावं का?

न्या, पण काम देऊन. फिनिशला सगळेच उभे राहतात. त्यांना धावण्याच्या मार्गावर शेवटून दोन-तीन किलोमीटरवर उभं करा, तिथे ओळखीचा आवाज हवा असतो. तुम्ही साधारण किती वाजता दिसाल ते कागदावर लिहून द्या, नाहीतर ते पहिल्या अर्ध्या तासातच फोन करायला लागतात आणि फोन तुमच्या बॅगेत असतो. पिशवीत कोरडे कपडे, टॉवेल, रबरी चपला. चपला विसरू नका, फोड आलेल्या पायांनी परत बूट चढवणं हे ट्रायथलॉनपेक्षा अवघड आहे.